परदेशातील वाहतूक दंड न भरल्यास

भाड्याच्या गाडीने परदेशात प्रवास करून परतल्यावर काही महिन्यांनी कार्डवरून किरकोळ रक्कम वजा झालेली दिसली, तर तो दंड भरला गेला असे समजू नये. अनेकदा ते चालकाचे नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याबद्दल गाडी देणाऱ्या कंपनीने आकारलेले शुल्क असते आणि मूळ नोटीस पुढे टपालाने येते. इटलीत परदेशी रहिवाशाला ती पाठवण्यास ३६० दिवसांची मुदत आहे.

नोटीस आल्यावर गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ आणि ठिकाण भाडेकरारातील नोंदींशी ताडून पाहावे, कारण बनावट नोटिसाही फिरत असतात. दंड मान्य असेल तर लगेच भरणेच शहाणपणाचे: इटलीत बहुतेक दंडांवर पाच दिवसांत भरल्यास ३० टक्के, तर स्पेनमध्ये वीस दिवसांत भरल्यास बहुधा निम्मी सूट मिळते. उलट नेदरलँड्समध्ये पहिल्या स्मरणपत्रासोबत दंड ५० टक्क्यांनी वाढतो आणि दुसऱ्यानंतर ती वाढीव रक्कमही दुप्पट होते.

युरोपीय संघातील देश ७० युरो किंवा त्याहून अधिक दंड परस्परांच्या वतीने वसूल करू शकतात. संघाबाहेरील रहिवाशाच्या दारी वसुलीसाठी कोणी येण्याची शक्यता कमी असली, तरी थकबाकी त्या देशाच्या दप्तरी राहते आणि पुढच्या खेपेस पोलिसांनी गाडी अडवल्यास अडचण होऊ शकते. हरकत असल्यास मुदतीतच लेखी नोंदवावी. इटलीत आधी पैसे भरल्यास दाद मागण्याचा हक्क जातो.