सहामाही अहवालातच प्रबंध लिहायला घ्या

पीएचडीची नोंदणी झाली तेव्हा मी अंबाजोगाईला तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होते. निजामाच्या काळात आपल्या मराठवाड्यातली गावं पाणी कसं वाटून घ्यायची, हा विषय. नोंदणीचं पत्र हातात आलं आणि घरी पेढे वाटले गेले. आता दोन-तीन वर्षांत होऊन जाईल, असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या नियमांप्रमाणे कमीत कमी 3 वर्षं आणि जास्तीत जास्त 6 वर्षं मिळतात. पुनर्नोंदणी केली तर आणखी 2, आणि महिलांना त्यावर अजून 2 वर्षांची सवलत मिळू शकते. बाळंतपण व बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा आहे. मी ती घेतली. लेखी अर्ज करून, शिक्क्यासह पोच घेऊन. मुलींनो, तोंडी परवानगीवर विसंबू नका; तुमच्या फाईलीत कागद असलाच पाहिजे.

गाइड, म्हणजे मार्गदर्शक, निवडताना आधी जागा शिल्लक आहे का ते विचारा. प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात. त्यानंतर त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना गाठा. त्यांना एकच विचारा, दिलेलं प्रकरण सर किंवा मॅडम किती दिवसांत वाचून परत देतात? मोठ्या नावापेक्षा हे उत्तर पुढे जास्त उपयोगी पडतं. माझ्या सरांनी पंधरा दिवसांच्या वर कधी लावले नाहीत, म्हणून मी टिकले.

कोर्सवर्क, म्हणजे पीएचडीतला वर्गातला अभ्यासक्रम, किमान 12 क्रेडिटचं असतं आणि त्यात 55 टक्के लागतात. संशोधनाची नीतिमूल्यंही त्यातच शिकवतात. तिथे पूर्वसंशोधनाचा आढावा लिहायला सांगतील, तो स्वतःच्याच विषयावर लिहा. माझं दुसरं प्रकरण त्यातूनच आलं.

आता मुख्य गोष्ट. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती अहवाल मांडावा लागतो. माझा पहिला अहवाल मी आदल्या रात्री दोन पानांत उरकला. ‘संदर्भ साहित्याचे संकलन सुरू आहे’, ‘क्षेत्रभेटी नियोजित आहेत’ अशी वाक्यं. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, “मिळालेल्या कागदांपैकी एक तरी दाखवता का?” कागद माझ्याकडे होते, पण त्यातला एकही मी नीट वाचलेला नव्हता. बसमध्ये बसून घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्या दिवसापासून मी ठरवलं, प्रत्येक अहवालासोबत वीस-पंचवीस लिहिलेली पानं जोडायची. कच्ची असली तरी चालतील, पण तळटीपांसकट. सहा-सात अहवाल झाले तेव्हा प्रबंधाचा मोठा भाग टेबलावर होता.

असं लिहीत गेल्यामुळे चुका वेळेवर सापडतात. आपल्याकडचे जुने महसुली कागद उर्दूत आहेत. हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात मी जायचे, आणि तिथल्या नकला गावातले एक निवृत्त चाचा मला वाचून दाखवायचे. त्यांच्याकडेच मी लिपी शिकले. पाण्याच्या पाळ्या ठरवणाऱ्या एका कागदावर सन 1357 होता. मी हिजरी धरलं आणि प्रकरणात 1938 लिहून मोकळी झाले. अहवाल द्यायच्या आधी चाचांना ते पान दाखवलं. त्यांनी आकड्याशेजारच्या शब्दावर बोट ठेवलं. ‘बहमन’.

“हिजरी नक्को समझो बेटी, ये फसली है.”

फसली म्हणजे महसुलासाठी वापरली जाणारी कालगणना. निजामाच्या दफ्तरात फसली सनाचे महिने आजूर, दै, बहमन असे चालत. फसली सनात 590, वर्ष बदलल्यावर 591 मिळवले की इसवी सन येतं. म्हणजे तो कागद 1947-48 चा निघाला, हैदराबाद मुक्तिसंग्राम ऐन भरात असतानाचा. पाण्याची जुनी पाळी मोडून नवी का लावली गेली, हे मला तेव्हा कळायला लागलं. सगळं प्रकरण पुन्हा लिहिलं. हीच चूक पाचव्या वर्षी सापडली असती तर?

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी एक कळकळीचं सांगणं. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलं तर दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य तपासणारी यंत्रणा ती अक्षरं ओळखत नाही, आणि फॉन्ट बदलताना जोडाक्षरं तुटतात. माझ्या मैत्रिणीचे दोन महिने निव्वळ रफार दुरुस्त करण्यात गेले. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर अडचण येत नाही. त्यापुढे प्रबंध दुरुस्तीसाठी परत येतो, आणि 60 टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होऊ शकते. तपासणी शेवटी एकदाच करू नका, प्रकरणागणिक करा.

यूजीसीने 2022 पासून प्रबंधाआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती काढली, तरी आपल्या विद्यापीठाचा अध्यादेश स्वतः वाचा. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापून देणाऱ्या नियतकालिकांच्या नादी मात्र लागू नका.

प्रबंध जमा करण्याआधी सादरीकरण होतं, मग किमान दोन बाहेरचे परीक्षक तो वाचतात आणि शेवटी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. आधीच्या वर्षात दुसऱ्यांचे दोन-तीन व्हायवा मागे बसून ऐका. सर्वांना येता येतं.

माझ्या व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, “या कागदाचा काळ तुम्ही कसा ठरवला?” मी तिसऱ्या सहामाही अहवालाची फाईल सोबत नेली होती. त्यातलं ते पान उघडून मी त्यांच्यापुढे ठेवलं.