दोन विषय राहिले, म्हणजे दोनच द्यायचे?

दहावीला विषय राहिले की कोणीतरी हमखास सांगतं, "एनआयओएसला टाका, सोपं पडतं." (एनआयओएस म्हणजे घरी अभ्यास करून दहावी देता येणारं राष्ट्रीय मुक्त विद्यालय.) फॉर्म भरण्याआधी गुणपत्रिका समोर ठेवून बेरीज-वजाबाकी करा.

समजा मराठी, हिंदी, इंग्रजी, सामाजिक शास्त्रे सुटली; गणित आणि विज्ञान राहिलं. राज्य मंडळातच थांबलात तर जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेला फक्त हेच दोन विषय. एनआयओएस मात्र जुन्या मंडळाचे जास्तीत जास्त २ विषय टीओसीने, म्हणजे सुटलेल्या विषयांचे गुण (क्रेडिट) वळवून घेतं, आणि प्रमाणपत्राला किमान ५ विषय लागतात. म्हणजे नव्याने ३ द्यायचे! सुटलेल्या चारांपैकी दोन आपणच पाण्यात टाकले. हे बहुतेकांच्या लक्षात येतं ते फी भरल्यावर.

कुठले दोन वळवायचे, यातही मेख आहे. पाचांत भाषा किमान १, जास्तीत जास्त २. गुण बरे म्हणून मराठी-हिंदी वळवलीत, तर इंग्रजीला जागाच उरत नाही, आणि इंग्रजी नसलेली दहावी पुढे फॉर्मोफॉर्मी आडवी येते. वळवलेले गुणही गुणपत्रिकेवर येतात, त्यामुळे ३५ वर सुटलेला विषय वळवाल तर टक्केवारी तिथेच खाली बसेल. इंग्रजी आणि सामाजिक शास्त्रे ही जोडी बहुतेकांना बरी पडते.

एनआयओएसला गणित टाळता येतं, हे खरं आहे. पण आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दहावीला गणित-विज्ञान मागतो. 'गणित नको' म्हणून आनंदाने उडी मारणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. क्लासवाले तर नाहीच नाही. त्यांना तुमचं ॲडमिशन हवं असतं. तीन महिन्यांत दहावीचं पॅकेज विकणाऱ्यापेक्षा अभ्यासकेंद्रावरचा कंटाळलेला सरकारी मास्तर परवडला.

एवढं वाचून घाबरू नका. तीन-चार विषय राहिले असतील, दिवसा काम असेल, तर एनआयओएसचीच वाट सगळ्यात माणुसकीची आहे. नोंदणी ५ वर्षं चालते, परीक्षेच्या ९ संधी मिळतात. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, सुटलेला विषय सुटलेलाच राहतो. पास व्हायला ३३ टक्के. नोकरी करणाऱ्याने एका खेपेला दोनच विषय घ्यावेत: एक हातखंडा, एक अवघड. दोन्ही अवघड घेतले की दोन्ही अर्धवट राहतात. मागणीनुसार परीक्षेचीही सोय आहे, पण तारीख आपण निवडायची म्हटलं की ती पुढे-पुढे सरकते. शिस्त नसेल तर त्या फंदात पडू नका.

टीएमए, म्हणजे घरी लिहायचे स्वाध्याय, यांना २० टक्के वजन आहे. लोक ते शेवटच्या रात्री कॉपी करून टाकतात आणि मग थिअरीत दोन-चार गुणांनी अडकतात. विज्ञानाचं प्रात्यक्षिक वेगळं असतं, त्यात वेगळं पास व्हावं लागतं आणि तारीखही लेखीच्या तारखांत नसते. केंद्रावर जाऊन विचारा.

टीओसीचा रकाना प्रवेशाच्या वेळीच भरा आणि भरलेल्या फॉर्मची प्रिंट जपून ठेवा. महाराष्ट्राचं राज्य मुक्त विद्यालय मंडळ वेगळं, एनआयओएस वेगळं. एकाचे नियम दुसऱ्याला लावत बसू नका.