भाजल्यावर आधी पाणी, बाकी सगळं नंतर : घरी होणाऱ्या या चुका टाळा

कुकरची वाफ, फोडणीतून उडालेली मोहरी, तव्याची कड, इस्त्री, गाडीचा सायलेन्सर. घरात भाजण्याची कारणं ठरलेली असतात आणि त्यावर धावून येणारे उपायही ठरलेलेच: टूथपेस्ट, बर्फ, हळद, तूप, शाई, कणीक. यातलं काहीही लावायचं नाही. लावायचं ते साधं पाणी, आणि नेमकं तेच बहुतेक घरांत अर्धवट लावलं जातं.

"पाणी लावू नकोस, फोड येईल"

सगळ्यात जास्त नुकसान या एका समजुतीने होतं. फोड येणार की नाही, हे उष्णता कातडीत किती खोल गेली यावर ठरतं. फोड दिसायला कधी काही मिनिटं लागतात, कधी काही तास. तोवर पाणी लावून झालेलं असतं, म्हणून खापर पाण्यावर फुटतं. प्रत्यक्षात हात तव्यावरून उचलला तरी आत शिरलेली उष्णता खालच्या थरांना भाजतच राहते. पाणी ती ओढून घेतं, त्यामुळे जखम कमी खोल राहते.

आग थांबली की नळ बंद

दोन मिनिटांत बरं वाटतं, नळ बंद होतो आणि थोड्याच वेळात पुन्हा आग सुरू होते. पाणी २० मिनिटं हवं, तेही घड्याळ बघून. सुरुवातीला राहून गेलं असेल तरी भाजल्यापासून ३ तासांच्या आत उपयोग होतो, म्हणून "आता काय फायदा" असं म्हणू नका.

धार करंगळीएवढी बारीक ठेवा. ती थेट जखमेवर आदळू न देता जरा वरच्या बाजूला पडून खाली ओघळू द्या. अशा धारेला मिनिटाला दीड-दोन लिटर पाणी लागतं, म्हणजे एकूण तीस-चाळीस लिटर. पाणी एक दिवसाआड येणाऱ्या घरात हे परवडत नाही. तिथे मोठ्या पातेल्यात स्वच्छ पाणी घेऊन हात बुडवून ठेवा आणि पाणी कोमट झालं की बदला. पोटावर किंवा मांडीवर भाजलं असेल तर स्वच्छ सुती कापड भिजवून ठेवा आणि दर दोन मिनिटांनी पुन्हा भिजवा. तेच कापड तसंच राहू दिलं तर ते अंगाच्या उष्णतेने तापतं.

एप्रिल-मे महिन्यांत आणखी एक घोटाळा होतो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चांगलंच तापलेलं असतं. जखम धारेखाली धरण्याआधी दुसऱ्या हाताने पाणी तपासा. गरम लागलं तर पिण्यासाठी भरून ठेवलेलं किंवा माठातलं पाणी वापरा.

बर्फ चोळणं

बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि भाजलेल्या भागाला रक्त कमी पोहोचतं. आधीच दुखावलेली कातडी मग गारठ्यानेही मरते. लहान मुलांच्या बाबतीत साधं पाणीसुद्धा जपून वापरा: पाणी फक्त भाजलेल्या जागी, बाकीचं अंग चादरीत गुंडाळलेलं. मूल कुडकुडायला लागलं तर थांबा.

कपडे आणि दागिने विसरणं

अंगावर चहा किंवा तेल सांडलं की ओला कपडा उष्णता धरून ठेवतो. तो लगेच काढा, पाणी ओतत ओतत काढला तरी चालेल. कपडा कातडीला चिकटला असेल तर मात्र ओढू नका, विशेषतः नायलॉन-पॉलिएस्टर. भोवतीचा भाग कापून टाका आणि चिकटलेला तसाच ठेवून त्यावर पाणी सोडा.

अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण सुरुवातीलाच काढा. तासाभरात सूज चढली की अंगठी निघत नाही, बोटाचं रक्त अडतं आणि ती कापावी लागते.

चिक्कीचा पाक आणि गरम पुरण यांचा चटका दिसतो त्यापेक्षा वाईट असतो. पाक उकळत्या पाण्याहून जास्त तापलेला असतो आणि दोन्ही कातडीला चिकटून बसतात. नखाने खरवडू नका, कातडी सोबत निघते. वाहत्या पाण्यात पाक विरघळतो, पुरणही सुटून येतं.

पेस्ट, हळद आणि पिवळं मलम

टूथपेस्टमधल्या पुदिन्याने गार वाटतं एवढंच. ती वाळून कडक होते आणि दवाखान्यात खरवडून काढावी लागते. तूप-तेलाचा थर उष्णता आत कोंडतो. हळद आणि पिवळं मलम जखमेचा रंगच झाकून टाकतात, आणि जखम किती खोल आहे हे डॉक्टर रंगावरूनच ठरवतात.

मेडिकलमधून सर्रास आणलं जाणारं सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलमही वरवरच्या भाजण्याला लागत नाही. त्याने जखम भरायला उलट उशीर होऊ शकतो. सल्फा गटाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी, दिवस भरत आलेल्या गरोदर बाईने आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी ते वापरूच नये.

झाकताना

कापूस लावू नका, त्याचे तंतू जखमेत अडकतात. मेडिकलमध्ये पॅराफिन गॉझ, म्हणजे जखमेला न चिकटणारं तेलकट जाळीदार कापड, मिळतं. ते ठेवून वर साधं गॉझ आणि सैल पट्टी बांधा. ते आणेपर्यंत स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ पारदर्शक प्लॅस्टिक) चालते: गुंडाळीचा पहिला वेढा फेकून द्या आणि पुढचा तुकडा जखमेवर नुसता ठेवा, आवळून गुंडाळू नका. चेहऱ्यावर फिल्म लावायची नाही.

फोड सुईने फोडायचा नाही, आतलं पाणी आणि वरची कातडी जखमेला जपतात. आपोआप फुटला तर साबण-पाण्याने हलके धुवा, सुटलेली कातडी ओढू नका आणि वर पॅराफिन गॉझ ठेवा. पट्टी चिकटली असेल तर आधी भिजवा. "उघडं ठेवा, हवा लागू दे" हेही चुकीचं, कोरडी पडलेली जखम हळू भरते. आणि भात-डाळ, वांगं खाल्लं की पू होतो म्हणून पथ्यावर ठेवलेल्या माणसाला जेवू घाला. कातडी भरायला प्रथिनं लागतात आणि ती डाळीतच आहेत.

दुखणं थांबवायला मोठ्यांना पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, सहा-सहा तासांनी. मुलांचा डोस वजनावर ठरतो. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

घरगुती उपचार कुठे थांबवायचे

भाजलेल्या माणसाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे शरीराचा साधारण १ टक्का. त्याहून मोठी जखम असेल तर दवाखाना गाठा. चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा गुप्तांगावर फोड आला असेल, तर आकार कितीही लहान असो. पाच वर्षांखालचं मूल, म्हातारं माणूस, मधुमेही, विजेचा धक्का, अ‍ॅसिड किंवा चुना यांतही थांबायचं नाही. कोरडा चुना आधी झटकून टाका आणि मगच भरपूर पाण्याने धुवा.

जागा पांढरी किंवा काळपट आहे आणि दुखत मात्र नाही, हे बरं लक्षण समजू नका. तिथल्या नसाच जळालेल्या असतात. सायलेन्सरचा पोटरीवरचा चटका बऱ्याचदा असाच खोल निघतो आणि लहान दिसतो म्हणून लोक आठवडाभर दुर्लक्ष करतात. मोठं भाजलं असेल तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत पाणी चालू ठेवा.

धनुर्वाताचं इंजेक्शन दर वेळी लागत नाही. शेवटचं घेऊन पाच वर्षं उलटली असतील किंवा कधी घेतलं हेच आठवत नसेल, तर डॉक्टरांना विचारा.

लाली भोवती पसरत गेली, वास येऊ लागला, ताप आला, किंवा दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तरीही डॉक्टरांना दाखवा. पूर्ण भरल्यावर नवी कातडी गुलाबी आणि कोरडी असते, खाजते. आता खोबरेल तेल खुशाल लावा, दिवसातून दोन-तीनदा. काही महिने त्या जागेवर ऊन पडू देऊ नका, नाहीतर डाग काळा पडतो.