कोल्हापुरात नव्यानं येताय? घरबसल्या जुनी गाडी बघताना

अकोला, अमरावती, यवतमाळकडून नोकरीसाठी इकडे येणाऱ्यांचे फोन मला येत असतात. घर कुठे बघू, मेस कुठली लावू आणि लगेच तिसरा प्रश्न: यायच्या आधीच मोबाइलवर जुनी गाडी बुक करून टाकू का? मीही मूळचा तिकडचाच. आता तोंडात 'लै भारी' आपसूक येतं, एवढाच फरक.

आधी गाडी लागते का ते बघा. राजारामपुरीत राहून विद्यापीठात काम असेल तर दुचाकी पुरते. महाद्वार रोडला चारचाकी घालायची हौस इथल्या माणसालाही नसते. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळीची नोकरी असेल, घरात म्हातारं माणूस नाहीतर तान्हं मूल असेल, तर गाडीचं मनावर घ्या.

घरी बसून शोधायला माझी ना नाही. पण इथल्या गाडीबद्दल मॉडेल आणि रनिंग नंतर, आधी विचारायचं, 'पुरात गाडी कुठं होती?' ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळेला राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट आहे, यावरून अंदाज घ्या. शहराचा नदीकडचा भाग, शिरोळ तालुक्यातली कितीतरी गावं पाण्यात होती. सांगलीत कृष्णेनं तेच केलं. म्हणजे एमएच ०९ (कोल्हापूर) इतकाच हा प्रश्न एमएच १० (सांगली) पासिंगलाही विचारायचा. आरसीचा, म्हणजे नोंदणीच्या कागदाचा फोटो मागवा, त्यावरचा पत्ता नकाशात बघा. नदीकाठचा पत्ता म्हणजे गाडी वाईटच असं नाही, पुष्कळांनी पाणी चढायच्या आत गाड्या उंचावर नेऊन लावल्या होत्या. त्या दोन वर्षांत विम्याचा दावा झाला का, हेही विचारा. नोंदणी २०२१ च्या पावसाळ्यानंतरची असेल तर निम्मा घोर मिटला.

मग व्हिडिओ कॉल. तो सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून इंजिन गार असताना करायचा. चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढायला सांगा. धुलाईवाला बाहेर दिसणारा पट्टा धुतो, गुंडाळीच्या आतला गाळाचा डाग राहतो. स्टेपनीखालचा खड्डा, सीट ज्यावर सरकते त्या पट्ट्यांचे बोल्ट, पायाखालचं कार्पेट उचलून खालचा पत्रा, सगळीकडे गाळ-गंज आहे का बघा. चावी फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केलाय असं समजा. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत तो बनल्याचा आठवडा आणि साल असतं. वीस हजार किलोमीटर रनिंग सांगून टायर दुसऱ्यांदा बदललेले निघाले, तर पुढचं बोलणं थांबवा.

एमपरिवाहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा दिसतो. दंडाची चलनं वेगळी बघा. इथे बोजा बऱ्याचदा सहकारी बँकेचा किंवा पतसंस्थेचा असतो आणि मालक म्हणतो, 'कर्ज कधीच फिटलंय.' फिटलं असेल, पण बँकेची ना हरकत आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत आपण पैसे धरून ठेवायचे.

निपाणी, चिकोडी, बेळगावच्या केए पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतील. पण तिकडची ना हरकत, इथला रस्ता कर आणि नवा नंबर हे सगळं धरून बेरीज करा. मग तो स्वस्तपणा किती उरतो ते बघा. मी तरी कुणाला सुचवत नाही.

'मी फौजी आहे, बदली झाली, गाडी कॅम्पात आहे, टोकनची आगाऊ रक्कम पाठवा.' ही थाप देशभर चालते, पण इथे ती जास्त खपते. टेंबलाईला टेरिटोरियल आर्मीची बटालियन आहे, जिल्ह्यात गावोगावी फौजी आहेत, खरंच वाटतं. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका, आणि पैसे मिळायला आपल्याला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

शेवटचं काम मात्र घरून होत नाही. गाडी रॅम्पवर चढवून बघायला मिस्त्री लागतो, तोही विकणाऱ्यानं सुचवलेला नको. उद्यमनगर हा यंत्रांशी बोलणाऱ्या माणसांचा भाग आहे. तिथे किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याला विचारून एक धरा, त्याची मजुरी हसत द्या. शक्य असेल तर त्याच्यासोबत गगनबावड्याच्या घाटात फेरी मारा. शहरात गुळगुळीत वाटणारा क्लच तिथे खरं बोलतो.

नाव चढवताना नवख्यांची अडचण पत्त्याची होते. आधारवर अकोला असेल तर नोंद तिकडच्या आरटीओकडे जाते, ना हरकतीचा फेरा वाढतो. म्हणून आधी नोंदणीकृत भाडेकरार करून घ्या, मगच मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० भरा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट जुन्या मालकाची, ती तुम्हाला मिळत नाही, हे भाव करतानाच हिशेबात धरा. फास्टॅगही जुन्या मालकाला बंद करायला सांगून आपला नवा घ्या.