सुरकुतीवर इंजेक्शन: बोटॉक्स, फिलर की दोन्ही नको?

डॉक्टरांची वेळ घेण्याआधी खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, मेकअप न करता आरसा घेऊन बसा. चेहरा सैल सोडा आणि कोणत्या रेषा दिसतात ते बघा. मग कपाळाला आठ्या घाला, भुवया जवळ आणा, डोळे बारीक करून हसा. काय निवडायचं याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

हालचालीबरोबर उमटणारी आणि चेहरा सैल होताच पुसली जाणारी रेष स्नायूंच्या ओढीमुळे असते. ती बोटॉक्सने कमी होते, कारण हे औषध मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी, चेहरा शांत असतानाही दिसणारी घडी वेगळी. तिथे गालातली भर कमी होऊन त्वचा खाली ओघळलेली असते. अशा ठिकाणी फिलर, म्हणजे त्वचेखाली भर घालणारं इंजेक्शन, लागतं. बोटॉक्स दिलं तर हसू वाकडं होण्याची भीती. चुरगळलेल्या कागदासारख्या बारीक रेषांना मात्र सहसा दोन्ही नको. रोज एसपीएफ 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्री ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वापासून बनलेलं क्रीम) लावा. फरक दिसायला काही महिने जातात, पण अशा त्वचेत पैसे घालायचे तर आधी इथेच घाला. गरोदरपणात ट्रेटिनॉइन वापरू नका.

बोटॉक्स ठरवलं, तर ‘किती युनिट देणार’ हे आधी विचारा. भुवयांमधल्या उभ्या आठ्यांसाठी पाच ठिकाणी मिळून 20 युनिट हा मान्य डोस आहे. डोळ्यांच्या कडेच्या रेषांना दोन्ही बाजू मिळून 24. डिस्पोर्ट या त्याच प्रकारच्या दुसऱ्या ब्रँडचं युनिट वेगळं असतं. भुवयांमधल्या त्याच आठ्यांना त्याची 50 युनिट लागतात. म्हणून दोन दवाखान्यांचे दर ब्रँड न विचारता ताडून पाहण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त चुका कपाळावर होतात. कपाळाचा स्नायू भुवया वर उचलून धरतो. तो पार ढिला केला की भुवया खाली येतात आणि डोळे जड वाटतात. वरच्या पापण्या आधीच ओघळलेल्या असतील, तर माणूस नकळत कपाळ उचलूनच बघत असतो. तिथे डोस कमीच हवा, कधी कधी अजिबात नको. भुवयांमधल्या आठ्या सोडून फक्त कपाळ करून घेणंही बरं नाही. भुवया खाली ओढणारे स्नायू जोरात राहतात आणि वर उचलणारा थकतो.

असर तीन-चार दिवसांत सुरू होतो आणि दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो. त्याआधी ‘अजून थोडं द्या’ म्हणू नका. कमी पडलेलं वाढवता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही. साधारण तीन-चार महिन्यांत परिणाम ओसरतो. इंजेक्शननंतर चार तास आडवं होऊ नका, त्या दिवशी व्यायाम टाळा आणि चेहरा चोळू नका. फेशियल तर नकोच. औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरलं तर एक पापणी खाली येते. ती काही आठवड्यांत आपोआप सावरते, डोळ्यांत घालायच्या थेंबांनी थोडा आधार मिळतो. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू कमजोर करणारा आजार) असलेल्यांनी हे इंजेक्शन घेऊ नये.

पहिल्यांदा फिलर घेत असाल तर हायल्युरोनिक ॲसिडचंच घ्या. चूक झालीच तर हायल्युरोनिडेज टोचून ते विरघळवता येतं. कॅल्शियम हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट किंवा पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडच्या फिलरला असा उतारा नाही. बहुतेक सिरिंज 1 मिलिलीटरची, म्हणजे चहाच्या चमच्याच्या पाचव्या भागाइतकी असते, त्यामुळे एका सिरिंजमध्ये अख्खा चेहरा भरेल ही अपेक्षा ठेवू नका. जागा आणि प्रकार पाहून ते सहा महिने ते दीड वर्ष टिकतं. डोळ्यांखाली फार वरच्या थरात दिलं तर त्वचेतून निळसर झाक दिसते.

भुवयांच्या मधोमध आणि नाकावर फिलर सुचवलं तर थांबा. इथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. फिलर त्यांत शिरलं तर दृष्टी जाऊ शकते. भुवयांमध्ये खोल रेष कोरली गेली असेल तरी आधी बोटॉक्स घ्या आणि ती किती भरते ते पाहा.

पार्लरमध्ये यातलं काहीच करून घेऊ नका. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन निवडा. महाराष्ट्रात असाल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. बाटली किंवा सिरिंज तुमच्यासमोर उघडायला सांगा, बॅच क्रमांक आणि मुदतीचा फोटो काढून ठेवा. फिलर देणाऱ्याकडे हायल्युरोनिडेज त्याच खोलीत आहे का, हेही विचारा. उत्तर गोलमोल आलं तर उठून या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर त्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगा.

फिलरनंतर थोडी सूज आणि निळे डाग येतात, ते काही दिवसांत जातात. पण त्वचा पांढरी पडली, जांभळट जाळी उमटली किंवा वेदना वाढतच गेल्या, तर रक्तपुरवठा अडल्याची शक्यता आहे. बर्फ लावून सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी त्याच डॉक्टरांना फोन करून लगेच जा. नजर अंधुक झाली तर थेट डोळ्यांचा विभाग असलेल्या रुग्णालयात पोहोचा आणि फिलर कुठे, कोणतं घेतलं ते दारातच सांगा.