जहाजावरून पळालेला खलाशी नागपुरात बसून कसा शोधायचा

भाऊ, मुंबईची गाडी रात्रभर धरल्याशिवाय आपल्याला समुद्र दिसत नाही, पण एमए हिस्ट्रीच्या प्रोजेक्टसाठी एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश नेव्हीचा पळालेला खलाशी शोधायचा असेल तर बरंचसं काम धरमपेठेतल्या रूमवर लॅपटॉपवरच होते.

पहिले जहाजाचं नाव पक्कं करा. लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवरच्या कॅटलॉगमध्ये जुनी हजेरीपुस्तकं, म्हणजे मस्टर, जहाजाच्या नावानं लावलेली आहेत, एडीएम 37 आणि 38 मध्ये (एडीएम म्हणजे अ‍ॅडमिरल्टी, ब्रिटिश नौदल खात्याच्या कागदांचा गठ्ठा, पुढचा आकडा गठ्ठ्याचा नंबर), तिथं माणसाचं नाव टाकून काही मिळत नाही. 1853 पासून दहा वर्षांचा करार सुरू झाला, तेव्हापासूनचे लोक मात्र नावानं सापडतात, 1872 पर्यंत एडीएम 139 आणि 1873 पासून एडीएम 188.

मस्टरमध्ये एका कॉलमात डी, डीडी किंवा आर असते. डी म्हणजे जहाजावरून सोडला, डीडी म्हणजे मेला, आर म्हणजे पळाला. आर लागला की राहिलेला पगार बुडाला. पण त्या एका अक्षरावर घाईनं पळपुटा लिहून मोकळे होऊ नका, तो माणूस जबरदस्तीनं पकडून आणलेला होता का हेही त्याच पुस्तकात आधीच्या कॉलमात असते, ते वाचाच, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. नंतर अर्ज करून आर काढून घेतल्याच्याही केसेस आहेत.

नाव जुळत नाही म्हणून सोडून देऊ नका, पळालेला माणूस नाव बदलू शकतो. जेन्किन रॅटफर्ड बघा, 1807 मध्ये एचएमएस हॅलिफॅक्स या ब्रिटिश जहाजावरून पळाला आणि अमेरिकेच्या चेसापीक या युद्धनौकेवर जॉन विल्सन नावानं भरती झाला. पळालेले खलाशी परत घ्यायला 22 जूनला ब्रिटिशांच्या लेपर्ड जहाजानं चेसापीकवर तोफा डागल्या, चौघांना उचललं, आणि 31 ऑगस्टला रॅटफर्डला फाशी दिली. बाकी तिघं अमेरिकन होते, एक हॉस्पिटलात वारला, दोघं 1812 मध्ये परत दिले. सांगा बरं, चार खलाशांसाठी दोन देश युद्धाच्या तोंडाशी आले!

पकडला गेला असं वाटलं तर कोर्ट मार्शलची रजिस्टरं एडीएम 194 मध्ये बघा, आणि तारीख जुळवायला जहाजाची लॉगबुकं, म्हणजे रोजच्या नोंदवह्या, एडीएम 53 मध्ये. मस्टर धरून ही बरीचशी स्कॅन झालेली नाहीत, कॉपीचे पैसे लागतात, म्हणून दोघंतिघं मिळून मागवा.

पळाल्याची जागा मेलबर्न असेल, 1851 नंतरची, तर सोन्याच्या खाणींकडे गेला असण्याची शक्यता जास्त, तेव्हा ट्रोव्ह या ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीच्या फुकट साइटवर जहाजाचं नाव टाकून तिथले त्या आठवड्यांचे पेपर वाचून काढा.