ग्लास मॅट कुणाकडून घ्यावी? भाव किलोचा, हिशेब चौरस मीटरचा

एफआरपीच्या (काचतंतू आणि रेझिन मिळून बनणाऱ्या प्लास्टिकच्या) शेडवर नवा पुरवठादार आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किलो काय लावणार?" घोळ तिथूनच सुरू होतो. मॅट, म्हणजे काचतंतूंच्या तुकड्यांची चादर, किलोवर विकली जाते, पण साच्यावर ती चौरस मीटरने बसते आणि आपल्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट रेझिन (पुढे कडक होणारा चिकट द्रव) पिते.

समजा, लेबलवर ४५० जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर) लिहिलं आहे आणि प्रत्यक्षात मॅट ५०० भरते. ४० चौरस मीटरच्या टाकीला तीन थर म्हणजे १२० चौरस मीटर मॅट. त्यात ६ किलो काच जास्त गेली आणि तिच्या मागे सुमारे १४ किलो रेझिन. किलोमागे दोन-चार रुपये कमी लावणाऱ्याने ते असे परत घेतले, तेही आपल्या रेझिनच्या ड्रममधून. उलट ४५० च्या नावाखाली ३९० मिळाली, तर तीन थरांत १८० ग्रॅम प्रति चौरस मीटर काच कमी पडते. जाडी भरत नाही, मग कामगार रेझिन ओतून ती भरतो. दिसायला जाड, पण ठिसूळ माल तयार होतो.

पुरवठादार शोधण्याआधी काय हवं ते कागदावर लिहा. "४५० ची मॅट" एवढंच लिहून भागत नाही. मॅटचा बाइंडर (तंतू एकत्र धरणारा चिकट पदार्थ) पावडर आहे की इमल्शन (पाण्यात मिसळलेला), हे विचारलंच पाहिजे. पॉलिएस्टर किंवा व्हिनाइल एस्टर रेझिनमधलं स्टायरीन हे द्रावक बाइंडर विरघळवतं, तेव्हाच मॅट मऊ होऊन साच्याच्या कोपऱ्यात बसते. होडीच्या पाण्याखालच्या भागात, निदान जेलकोटला (साच्यावर आधी लावलेल्या बाहेरच्या लेपाला) लागून असलेल्या थरात, पावडरचीच मॅट घ्यावी. इमल्शनची मॅट पाण्याच्या सततच्या संपर्कात फोड येण्याचा धोका वाढवते. इपॉक्सी रेझिनमध्ये स्टायरीनच नसतं, त्यामुळे ही नेहमीची मॅट तिथे नीट भिजत नाही. त्या कामाला विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या, आणि त्याचं फिनिश (काचेवरचा लेप) इपॉक्सीला चालतं असं लेखी मागा. आम्ल साठवायच्या टाकीला साधी ई-ग्लास (नेहमीच्या तंतूंची काच) पुरत नाही. बोरॉन नसलेली, आम्लाला टिकणारी ईसीआर ग्लास आणि आतल्या बाजूला सी-ग्लास या आम्लाला टिकणाऱ्या काचेचा ३० जीएसएमचा टिश्यू (पातळ पडदा) लागतो.

विकणारे तीन प्रकारचे असतात. काचतंतू ओढणारे मोठे कारखाने (आपल्याकडे तळोजा आणि गोव्यातलं कोलवाळ ही त्यांची जुनी ठिकाणं), त्यांचं रोव्हिंग (काचतंतूंची न पिळलेली जाड दोरी) घेऊन कापड विणणारे, आणि डीलर. छोट्या शेडला कारखाना सहसा थेट माल देत नाही, डीलरकडेच जावं लागतं. त्यात वाईट काही नाही. फक्त मूळ पॅकिंगचा रोल घ्या: लेबल, लॉट नंबर आणि उत्पादनाची तारीख शाबूत हवी. पिशवी फोडून विकलेला सुटा माल कुठल्या लॉटचा आणि गोदामात कितव्या पावसाळ्याचा, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. माल आयात असेल तर मूळ देश आणि एचएसएन (मालाच्या कर-वर्गीकरणाचा क्रमांक) ७०१९ खालचा नेमका उपक्रमांक बिलावर आहे का पाहा. या मालावर वेळोवेळी अँटी-डंपिंग ड्यूटी (फार स्वस्त आयातीवरचं जादा शुल्क) लागत आली आहे. आज स्वस्त दिसणारा भाव सहा महिन्यांनी टिकेल का, ते यावरून कळतं.

टेस्ट सर्टिफिकेट सगळेच देतात. ते त्याच लॉटचं आहे का, एवढं पाहिलं तरी निम्मे गळतात. त्यात जीएसएम, ओलावा, जळून जाणारा भाग आणि काचेतलं अल्कलीचं प्रमाण हे चार आकडे हवेत. अल्कली ई-ग्लासमध्ये २ टक्क्यांच्या आत असायला हवी. स्वस्त मॅट पुष्कळदा याच आकड्यावर गप्प असते, कारण आत जास्त अल्कलीची काच असते आणि ती पाण्यात ताकद सोडते.

त्यानंतर दोन वेगवेगळ्या लॉटचे दोन रोल चाचणीसाठी विकत घ्या. फुकटच्या नमुन्यावर विसंबू नका, नमुना नेहमीच चांगला असतो. तपासणी अशी करा:

रोलचे पहिले दोन-तीन मीटर सोडून पन्ह्याच्या डाव्या कडेचा, मधला आणि उजव्या कडेचा असे ३० × ३० सेंटीमीटरचे तीन तुकडे कापा. ४५० च्या मॅटचा तुकडा ४०.५ ग्रॅम भरला पाहिजे. ३६.५ ते ४४.५ म्हणजे अधिक-उणे १० टक्के झाले, तेवढं मान्य करावं. सरासरीपेक्षा तीन तुकड्यांमधला फरक महत्त्वाचा. मध्ये ४४ आणि कडेला ३७ भरत असेल, तर सरासरी बरोबर येऊनही टाकीची भिंत पट्ट्यापट्ट्याने जाड-पातळ होणार.

वोव्हन रोव्हिंगमध्ये (रोव्हिंगच्या विणलेल्या कापडात) धागे मोजा. ६०० जीएसएमच्या कापडाला १२०० टेक्सचं (किलोमीटरला १२०० ग्रॅम भरणारं) रोव्हिंग असेल तर १० सेंटीमीटरमध्ये ताण्याचे (उभे) २५ आणि बाण्याचे (आडवे) २५ धागे येतात. ताण्यात पुरे आणि बाण्यात २१ निघाले, तर आडवी ताकद गेली. बाण्याचा एक धागा ओढून बघा, तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जायला हवा.

ओलाव्यासाठी १०० ग्रॅमचा तुकडा १०५ अंश सेल्सिअसला तासभर ओव्हनमध्ये ठेवा. ०.२ ग्रॅमपेक्षा जास्त वजन घटलं तर माल ओला आहे. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा लागेल, तो घेऊनच ठेवा. भट्टीत ६२५ अंशांवर जाळून बाइंडरचं प्रमाण काढायचं काम बाहेरच्या प्रयोगशाळेला द्यावं. पावडर मॅटमध्ये ते ३ ते ५ टक्क्यांच्या आसपास येतं, वोव्हन रोव्हिंगमध्ये एका टक्क्याच्या आत.

मग भिजवून बघा. खरी परीक्षा हीच. काचेवर मायलर (प्लास्टिकची पातळ फिल्म) अंथरा, जुन्या आणि नव्या मॅटचा तुकडा शेजारी शेजारी ठेवा, दोन्हींना वजनाच्या २.३ पट तेच रेझिन द्या आणि घड्याळ लावा. पांढरे तंतू दिसेनासे व्हायला नव्या मॅटला दुप्पट वेळ लागत असेल, तर शेडवर रोलर दुप्पट फिरणार. उन्हाळ्यात तर त्याआधीच रेझिन जेल होईल, म्हणजे घट्ट होऊ लागेल. रोलरला तंतू चिकटून गोळे येत असतील तर बाइंडर कमी आहे; बुट्ट्यांसारखे पांढरे ठिपके राहत असतील तर पावडर एकसारखी पडलेली नाही.

होडी किंवा टाकी असेल तर आणखी एक पायरी. चार थरांचं लॅमिनेट करा, पूर्ण क्युअर (कडक) होऊ द्या, त्याच्या निम्म्या पट्ट्या दोन तास पाण्यात उकळा आणि कोरड्या-उकळलेल्या दोन्हींची वाकवण्याची ताकद प्रयोगशाळेतून काढून घ्या. काचेवरचं सिलेनचं (काच आणि रेझिन जोडणाऱ्या रसायनाचं) फिनिश रेझिनला जुळत नसेल तर कोरडी पट्टी उत्तम आकडा देते आणि उकळलेली कोसळते. हा दोष डोळ्यांना कधीच दिसत नाही.

पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) चार ओळी जरूर घाला: जीएसएमची मर्यादा (मॅटला १० टक्के, विणलेल्याला ५), ओलावा ०.२ टक्क्यांच्या आत, एका खेपेत एकच लॉट, आणि माल मिळाल्यापासून किती दिवसांत तक्रार मान्य. डीलर "रोल उघडल्यावर परत नाही" म्हणतो. रोल उघडल्याशिवाय दोष कळणार कसा? निदान पहिले पाच मीटर तपासून परत करण्याची सवलत मिळवा.

कोकणात आणि गोव्यात पुरवठादाराचं गोदाम स्वतः जाऊन पाहा, तेही जुलैत. रोल फरशीवर आहेत की लाकडी पॅलेटवर, प्लास्टिकचं वेष्टन फाटलं आहे का, माल ताडपत्री टाकलेल्या उघड्या टेंपोतून येतो की बंद गाडीतून, हे बघा. ओली मॅट रेझिन कडक करणाऱ्या कोबाल्ट-एमईकेपीचं क्युअरिंग मंदावते, पांढरी राहते आणि पुढे थर सुटतात. "वाळवून वापरा" असं सांगतात, ते अर्धंच खरं आहे. पाणी जातं, पण बिघडलेला बाइंडर सुधारत नाही. चांगला मालही आपल्या शेडमध्ये आल्यावर वेष्टनातच २४ तास राहू द्या. नाहीतर थंड रोलवर दमट हवेचं पाणी धरतं.

एकाच पुरवठादारावर राहू नका, पण एका वस्तूत दोघांची मॅट मिसळूही नका. दुसऱ्याकडून दर दोन-तीन महिन्यांनी छोटी ऑर्डर घेत राहा, म्हणजे अडचणीत तो फोन उचलतो. आणि प्रत्येक लॉटचा ३० × ३० चा एक तुकडा लेबलसह हवाबंद पिशवीत जपून ठेवा. वर्षभराने टाकी पाझरली, तर डीलरपुढे ठेवायला तोच हातात असतो.